फिरता बिघाड

२ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला 'काय?' म्हणालात आणि शेवटी मला भरभरून शुभेच्छा देऊन फोन ठेवलात. कशाबद्दलच्या ते अजून कळलेलं नाही. वहिनींकडून निरोप धाडावा तर वायरिंगच्या निरोपात वायरिंग कमी आणि वहिनींची मतं जास्त येतात. तेव्हा पत्रच बरं. कागदावरचं तरी तुम्हाला ऐकू येतं.

आमची घरगाडी, म्हणजे तुम्ही जिला 'चाकांवरचं कपाट' म्हणता ती, सध्या घाटाच्या पायथ्याशी तळ्याकाठी उभी आहे. जागा झकास आहे. गाड्या लावायला पक्की जमीन, पाण्याचा नळ, ऑफिसात पत्रं ठेवायला खण. घाटापलीकडे आमची लेक. तिचे दिवस भरत आलेत आणि मी तिला शब्द दिलाय की बाळ यायच्या आत आजोबा स्वतः गाडी हाकत दारात हजर होणार. जन्मभर दुकानात बसून लोकांची घड्याळं वेळेवर आणली, आता एकदा आपण वेळेवर पोहोचून दाखवायचं.

आणि नेमके वायपर बसले. बटण दाबलं की काही नाही. हालचाल नाही, आवाज नाही. तुमच्या बहिणीने जाहीर केलंय की वायपर चालल्याशिवाय गाडी घाटात जाणार नाही, कारण घाटात रोज पाऊस असतो. ती एकदा जाहीर करते म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही तिला माझ्याआधीपासून सोसलंय.

इथल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, आत डोकावला, शीळ घातली आणि म्हणाला, अख्खी मोटर बदलावी लागेल. शीळ घालणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास नाही. शिवाय निघण्याआधी या गाडीचं सगळं वायरिंग तुम्हीच नव्याने ओढलंय. तेव्हा बिघाडही तुमचाच, निस्तरायचाही तुम्हीच.

उत्तर जरा मोठ्या अक्षरात लिहा. गाडीत उजेड कमी असतो आणि माझा चष्मा कुठल्या तरी कपाटात गडप झालाय. चाकांवरच्या कपाटात कपाटं फार.

तुमचा,
जावई


५ सप्टेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या ओळी आत्ताच घाट चढायला लागल्यात, प्रत्येक ओळ उजवीकडे आभाळात जाते. गाडी पण अशीच चालवता का?

माझ्या वायरिंगला नावं ठेवलीत. ठेवा. पण मी ती गाडी तुमच्या ताब्यात दिली तेव्हा वायपर असे फिरत होते की तुमच्या बायकोने, आमच्या चिमीने, काचेसमोरून तोंड मागे घेतलं होतं. बिघाड झाला असेल तर तो तुमच्या हातात आल्यावर झालाय. घड्याळजी माणसाला वाटतं, जगातलं सगळं चावी दिली की चालतं. विजेचं तसं नसतं. विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. दोन्हीपैकी एक वाट तुटली की संपलं. आपण फक्त कुठे तुटली ते शोधायचं. घाबरू नका, बारा व्होल्टचा कुणाला झटका बसत नाही.

आधी फ्यूज. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ काळं झाकण आहे. ते ओढून काढा. झाकणाच्या आतल्या बाजूला छोटी चित्रं आहेत, त्यात वायपरचं चित्र बघा आणि त्याच जागेवरचा फ्यूज उपसा. उजेडात धरला की आतली पट्टी दिसते. पट्टी तुटली असेल तर फ्यूज उडालाय. नवा घाला. खोक्यात मी जादा दिलेत.

फ्यूज चांगला असेल तर माझा पुढचा संशय अर्थवर, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेवर. वायपरच्या मोटरखालून एक काळी तार निघते आणि गाडीच्या पत्र्याला एका नटाने कसलेली असते. तो नट सैल झाला की मोटर मुकी होते. दहाचा पाना लागेल. तोही खोक्यात आहे.

एवढं करा आणि कळवा. आणि तळ्याकाठी बसून माझ्या बहिणीशी भांडू नका, ती जिंकते.

तुमचा,
मेहुणा

ता. क. अक्षर मोठं केलंय. याहून मोठं हवं असेल तर भिंतीवर लिहून भिंत पाठवतो.


१० सप्टेंबर

मेहुणेबुवा,

तुम्ही थोर आहात. लिहून ठेवा, कारण मी परत म्हणणार नाही.

फ्यूज उडालेला नव्हता. फ्यूज नव्हताच! त्या जागी बोट घातलं तर नुसतं भोक. चित्रं काही नीट लागली नाहीत, छापणाऱ्याने मुंग्यांसाठी छापलीत. पण घड्याळजीच्या बोटांना डोळे असतात. तुमच्या बहिणीने लगेच खोक्यातून जादा फ्यूज काढून दिला, मी बसवला, आणि वायपर सुरू! कोरड्या काचेवर असे करकरले की चिमण्या उडाल्या.

मी आनंदाने सामान बांधलं. सकाळी निघायचं ठरलं. सकाळी आभाळ भरून आलं, बटण दाबलं, आणि पुन्हा ठप्प. फ्यूज चाचपला. जागेवर. मग तुमच्या पत्रातला दुसरा धडा. काळी तार शोधत हात घातला तर नट चक्क बोटाने फिरत होता! कसला घट्ट. वायपर सुरू. दुपारभर चालवून बघितले. दुसऱ्या दिवशी निघायला बसलो, थेंब पडायला लागले, की परत बंद. आता फ्यूजही आहे आणि नटही घट्ट आहे. हा कसला बिघाड आहे जो ऊन असताना झोपतो आणि पाऊस आला की उठतो?

बाकी ठीक. तुमची पत्रं तीच मला वाचून दाखवते. म्हणते, माहेरचं अक्षर आहे, मी वाचणार. ऐकताना मध्ये मध्ये हसते, कुठे ते सांगत नाही. इथला चौकीदार मात्र फार गर्विष्ठ निघाला. रोज सकाळी तळ्याच्या वाटेवर रेनकोट घालून उभा असतो. मी रोज हात वर करतो. ढिम्म हलत नाही. मीही आता ठरवलंय, एक दिवस तरी त्याच्याकडून मान हलवून घेणार.

तुमचा,
जावई


१३ सप्टेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र वाचून मी दोनदा चहा घेतला आणि तरी डोकं चालेना. फ्यूज उडतो, सैल होतो, गंजतो. पण पाय फुटून निघून जातो हे मी एवढ्या वर्षांत पाहिलं नाही. तुम्ही तो उपसून बघितलात आणि चहाच्या कपात टाकलात का? विचारतोय फक्त. घड्याळं उघडल्यावर उरलेले स्क्रू तुम्ही कुठे ठेवायचात ते मला माहीत आहे.

पावसाने बिघाड होऊ शकतो. पाणी आत गेलं की होतो. म्हणून पुढचं बघा.

फ्यूजच्या खोक्याशेजारी काडेपेटीएवढी एक काळी डबी आहे, तिला रिले म्हणतात. बटण दाबलं की ती आतून 'टक्' करते. मला ते ऐकू येणार नाही, पण तुमचे कान अजून शाबूत आहेत, घड्याळाची टिकटिक दुसऱ्या खोलीतून ऐकता तुम्ही. तेव्हा माझ्यासाठी कान लावा. 'टक्' ऐकू आलं तर रिले जिवंत. नाही आलं तर ती डबी जागेवर नीट दाबून बसवा, अर्धवट वर आलेली असली तर संपर्क तुटतो.

रिले बरा असेल तर मोटरच्या मागे एक कपलर आहे, म्हणजे प्लास्टिकचं जोडणं, त्यात चार तारा जातात. ते पूर्ण आत बसलं की खट् होतं. नसेल बसलं तर दाबा. आणि त्या चार तारांचे रंग मला नीट पाहून कळवा. रंग कळले की मी इथून सांगतो कुठली तार काय करते. हे विसरू नका, रंग महत्त्वाचे.

चौकीदाराकडे दुर्लक्ष करा. मीही कित्येकांच्या नमस्काराला उत्तर देत नाही, मला हाक ऐकू आलेली नसते. असेल बिचाऱ्याचं काही तरी.

तुमचा,
मेहुणा


१९ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

हे कार्ड आहे, त्यामुळे थोडक्यात.

रिले पहिल्या दिवशी टक् करत होता. मी तुम्हाला तेच कळवणार होतो. दुसऱ्या दिवशी पाऊस, आणि रिले गप्प. चाचपलं तर डबी अर्धी वर आलेली. दाबली. चालू. परवा पुन्हा बंद, या वेळी कपलर निघून लोंबकळत होता. दाबला. चालू. काल परत बंद. आता तुमच्या यादीत काय उरलंय?

तारांचे रंग: एक करडी, दुसरीही करडी, तिसरी जरा गडद करडी, चौथी काळी. झालं समाधान?

तुमची विद्या जुनी झाली, असं माझं मत झालंय. लेकीचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले, आता कधीही. तेव्हा आता मी ठरवलंय. पहिला कोरडा दिवस मिळाला की निघणार. वायपर असोत, नसोत. मध्येच पाऊस लागला तर खिडकीतून हात काढून फडक्याने काच पुसेन.

जावई


२२ सप्टेंबर

चिमे,

पाकिटावर तुझं नाव घातलंय. तरी सवयीने तू हे मोठ्याने वाचायला घेतलं असशील, तर आता एक खोकला काढ, 'अगं बाई, चहा उतू गेला' म्हण, आणि हे घेऊन बाहेर जा.

गेलीस? बरं.

मी जन्मभर गाड्यांच्या तारा हुडकल्यात. बिघाड माझ्या ओळखीचा असतो. बिघाड म्हणजे एक आळशी प्राणी. एका जागी बसतो, तिथेच राहतो, तुम्ही त्याला शोधून काढेपर्यंत हलत नाही. तुमच्या गाडीतला बिघाड मात्र फिरतो. आधी फ्यूजच्या जागी होता. मी पत्रात अर्थचा नट सांगितला, तर तो नटात गेला. मी रिले सांगितला, तर रिलेत शिरला. कपलर सांगितला, कपलरमध्ये. म्हणजे हा बिघाड माझी पत्रं वाचतो. मी त्याला शिकवतोय आणि तो अभ्यास करतोय. इतका हुशार विद्यार्थी मला दुकानात कधी मिळाला नाही.

माझी पत्रं वाचणारं तिथे एकच माणूस आहे.

हे एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तू लहानपणी माझ्या सायकलची हवा सोडायचीस, मला चहा प्यायला घरी थांबवायला. पण ते कार्ड आलं. तीन करड्या तारा. चिमे, त्या गाडीत करडी तार एकसुद्धा नाही. मी स्वतः ओढल्यात. लाल, पिवळी, हिरवी आणि काळी. तिन्ही भडक रंग मी मुद्दाम घेतले होते, कुणालाही बघता क्षणी कळावेत म्हणून.

आणि त्या गर्विष्ठ चौकीदाराबद्दलही माझ्या मनात आता शंका आहे.

खरं काय ते लिही. आणि ते निघायच्या आत लिही.

दादा


२५ सप्टेंबर

दादा,

चहा उतू गेला म्हणायची गरज पडली नाही. ते तळ्यावर गेले होते, चौकीदाराला नमस्कार करायला.

तो चौकीदार नाही. तो पाण्याचा बंद पडलेला हातपंप आहे. त्याच्यावर कुणी तरी आपला रेनकोट वाळत टाकला आणि विसरून गेलं. मी पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी नाही.

हो, मीच. फ्यूज मी काढला, आणि नंतर घातलेला जादाही मीच काढला. दोन्ही माझ्या सुयांच्या डबीत आहेत. नट मी सैल केला, रिलेची डबी मी उचलली, कपलर मी ओढला. तुझी पत्रं मोठ्याने वाचताना आतल्या आत म्हणायची, वा दादा, पुढची जागा सांगितलीस. तू लिहायचास 'दाबून बसवा', मी ठरवायची, उद्या इथूनच काढायचं. दहाचा पाना मला आता तुझ्याइतका येतो. हसू नकोस. हसशीलच.

त्यांना नीट दिसत नाही, दादा. गेल्या वर्षीपासून. दुकान त्यांनी कंटाळा आला म्हणून बंद केलं असं सगळ्यांना सांगितलंय, तुलाही. खरं असं झालं की एका बाईंचं घड्याळ त्यांनी दुरुस्त करून दिलं आणि त्या ते परत घेऊन आल्या, दोन्ही काटे एकमेकांवर घासत होते. त्यांनी ते घड्याळ हातात घेतलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांना काय चुकलंय तेच दिसेना. त्या दिवशी त्यांनी भिंग खिशात घातलं ते परत काढलं नाही. मी काही बोलले नाही. त्यांनीही नाही. मग ही गाडी घेतली. मला वाटलं, जाऊ दे, मन रमेल.

इथे येताना भुरभुर पाऊस होता. समोरून ट्रक आला. तो त्यांना दिसलाच नाही. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा आवाजाच्या दिशेवरून त्यांनी गाडी बाजूला घेतली. मग मला म्हणतात, 'लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही.' मी खिडकीची दांडी धरून बसले होते, ती इथे येईपर्यंत सोडली नाही. आणि पुढे घाट. एका बाजूला दरी.

त्यांना तोंडावर काय सांगू? 'तुम्हाला दिसत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. दुकान गेलं, आता स्टिअरिंग. नातवंडाच्या दारात स्वतः गाडी घेऊन जायचं, एवढंच त्यांनी ठरवलंय. ते मी कसं काढून घेऊ? म्हणून मला बिचारा वायपर सापडला. म्हटलं, बाळ येईल, लेकीचा नवरा आपल्याला न्यायला येईल, सगळं आपोआप होईल. तोवर वायपर बंद राहू देत.

डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, 'डॉक्टर काय करणार? चष्मा सापडला की झालं.' चष्मा त्यांच्या खिशात आहे. घालून काही फरक पडत नाही म्हणून ते तो हरवलाय म्हणतात.

आता तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. तुझं मागचं पत्र त्यांना वाचून दाखवलं नाही, म्हटलं, दादा नवीन रिले मागवतोय, आठ-दहा दिवस थांबायला सांगितलंय. ते थांबणार नाहीत. रोज सकाळी उठून आभाळाकडे बघतात. काय बघतात कोण जाणे.

तुझी,
चिमी


२८ सप्टेंबर

चिमे,

मी त्यांना परस्पर काही सांगणार नाही. तू हे पत्र त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचंस. एकही वाक्य गाळायचं नाहीस. गाळलंस तर मला कळेल, कारण मला तुझी उत्तरं ओळखता येतात.

आधी तुझ्यासाठी. फ्यूज घाल. नट कस. डबी दाब, कपलर खट् वाजेपर्यंत बसव. वायपर चालू कर आणि चालूच ठेव. तुझ्या खोटेपणाला त्या गाडीत आता एकही जागा उरता कामा नये. पाना खोक्यात परत ठेव, तो माझा आहे.

आता जावईबापू, तुमच्यासाठी. तुमच्या वायपरला काही झालेलं नाही. माझ्या वायरिंगलाही नाही. तुमची बायको गेला महिनाभर तुमच्या पाठीमागे गाडी बिघडवत होती, आणि मी इथून तिला नकळत शिकवत होतो. तुम्ही रागवा. रागवायला हरकत नाही. पण तुम्ही घाट चढू नये म्हणून ती हे करत होती, कारण तुम्हाला दिसत नाही. मी लिहिलं. तिला बोलवत नव्हतं म्हणून मी लिहिलं. ती आता मोठ्याने वाचतेय, म्हणजे तिने बोलूनही झालं.

माझं थोडं ऐका. मला ऐकू येत नाही हे मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. आधी मी म्हणायचो, लोक हल्ली पुटपुटतात. मग म्हणायचो, गिऱ्हाईकं लाजरी झालीत. एक दिवस जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी तुमच्या वहिनींनी पाटी ठेवली होती. त्यावर लिहिलं होतं: 'तुम्हाला ऐकू येत नाही. मला ओरडायचा कंटाळा आलाय.' मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी बोलत नाही हे त्यांना आवडायला लागलंय. तेव्हा बोललो. आणि खरं सांगतो जावईबापू, खोटं हसायचं, अंदाजाने मान हलवायची, हे सगळं त्या दिवसापासून थांबलं. इतकं हलकं वाटलं. काय दुखतंय हे चारचौघांत सांगता येणं म्हणजे अर्धं बरं होणंच की.

तुमच्या डोळ्यांना काय झालंय ते मला माहीत नाही. रंग फिके पडतात, सगळं करडं दिसतं, म्हणजे मोतीबिंदू असेल, आणि तो काढतात. मी डॉक्टर नाही. पण लेकीच्या गावात डॉक्टर असेलच. नातवंड बघायचंय ना? मग बघायची सोय करा.

आणि घाटाचं म्हणाल तर तुमच्या गाडीत एक ड्रायव्हर बसलेला आहे, ज्याला तुम्ही कधी विचारलंच नाही. वडिलांचा टेम्पो चिमी माझ्याआधी शिकली. मी मागे बसून उलट्या काढायचो आणि ही वळणं घ्यायची. हिला वळणावर घाबरताना मी तरी पाहिलं नाही.

आता वाचून झालं असेल. चिमे, पत्र घडी घाल आणि चहा टाक. दोघांचे चेहरे मला इथून दिसत नाहीत, हे बरंच आहे.

दादा


९ ऑक्टोबर

मेहुणेबुवा,

अक्षर तुमच्या बहिणीचं आहे, शब्द माझे. (आणि दुरुस्त्या माझ्या. चिमी.)

पहिली बातमी पहिली. नात झाली. नाक तुमच्या बहिणीसारखं आहे असं सगळे म्हणतात. मी बोटाने तपासून पाहिलं, बरोबर आहे. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, म्हणजे शब्द पाळला गेला. कुणी गाडी चालवली याबद्दल शब्दात काही नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरने परवा बोलावलंय. त्याने कालच नुसतं बघून 'हं' केलं. शीळ घातली नाही, म्हणून मी जाणार आहे.

आता तुमच्या पत्राचं. तिने ते वाचलं. एकदाही अडखळली नाही. 'तुम्हाला दिसत नाही' हे तिने वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि चालायला लागलो. मला फार राग आला, मेहुणेबुवा. दिसत नाही याचा नाही, तो मला आधीपासूनच येत होता. तुम्हा दोघांना माहीत आहे आणि मी एकटाच नाटक करतोय, याचा. माझ्याच गाडीत मी एकटा प्रेक्षक नसलेला नट. (इथे ते थांबले आणि माझ्याकडे पाणी मागितलं.)

चालत चालत चौकीदाराकडे गेलो. म्हटलं, आज याला बोलतं करतो, माझ्यासारखाच एकटा दिसतोय. जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. थंडगार लोखंड! मी आजवर हातपंपाला नमस्कार करत होतो आणि त्याच्यावर रागवतही होतो. तिथेच मला हसू फुटलं. इतकं हसलो की तळ्यावर पाणी भरायला आलेल्या बाई बादली घेऊन परत गेल्या.

परत आलो तर ही गाडीच्या दारात उभी. मी म्हटलं, 'चावी कुठे आहे?' तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. (पडला होता. वाटलं, आता निघालेच.) मी म्हटलं, 'तुझ्याकडेच ठेव. तुलाच लागणार आहे.' मग ती रडली, मग मी रडलो, मग तिने सुयांची डबी आणली आणि त्यातला एक फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला. बसवला मात्र मी. काळोखातही बसवला असता.

तिने गाडी चालवली. तुम्ही म्हणालात ते खरं आहे, ती वळणावर घाबरत नाही. शेजारी बसलेल्याने घाबरावं, अशी चालवते. पहिल्या चार वळणांत मी पायाने नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटऱ्या दुखवून घेतल्या. (चुकीचं. पाच.) दर वळणाला मी सूचना दिल्या. तिने एकही ऐकली नाही. कानाचा आजार तुमच्या घराण्यातच आहे.

घाटाच्या माथ्याजवळ ढग खाली उतरले आणि पाऊस आला. मोठा, सपासप. तिने बटण दाबलं. रिलेने टक् केलं आणि वायपर सुरू झाले. ठेका इतका सारखा होता की मी मनातल्या मनात तुम्हाला शाबासकी दिली. मग ती म्हणाली, 'बघा, काच कशी लख्ख झाली. आता दिसतंय ना?'

'हो' माझ्या ओठांवरच होतं. वर्षभर ते तिथेच असतं, तयार. मी ते गिळलं आणि म्हटलं, 'नाही गं. काहीच दिसत नाही. तू सांग.'

तिने गाडीचा वेग जरा कमी केला. आणि सांगायला लागली. डावीकडे दरीच्या कठड्याचे पांढरे दगड. पुढे वळण, उजवीकडे. वळणावर एक पिवळा ट्रक, त्याच्या ड्रायव्हरने हात केलाय. डोंगरावरून पाणी येतंय, धबधबा म्हणावा एवढं नाही, पण येतंय. खाली गाव दिसायला लागलं, घरांची छपरं लाल. लाल, बरं का. घाट उतरेपर्यंत ती सांगत होती आणि मी बघत होतो.

तुमचा,
जावई